मोगऱ्याला ताण

म्युनिक, शनिवार दुपार

चि. मनू,

पुण्याहून येताना विमानात तू प्रश्न विचारलास, तेव्हा मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि झोपून गेले. त्याला तीन आठवडे झाले. काल रात्री तू पुन्हा विचारलंस, आणि या वेळी जरा रागानेच. "आजी म्हणते झाडं माझी लेकरं आहेत. मग तिने मोगऱ्याचं पाणी का बंद केलं? सगळी पानं का ओरबाडली? आणि वर त्याच्याशी गोड गोड का बोलत होती?" तोंडी सांगायला बसले तर तू मधेच दहा प्रश्न विचारशील, म्हणून लिहिते. शिवाय तुझं मराठी वाचनही होईल. (हो, डाव आहे तो.)

आधी एक दुरुस्ती. आजीने पानं ओरबाडली नाहीत. तू तिचा हात नीट पाहिला असशील तर आठवेल, एकेक पान देठाशी धरून ती ते काढत होती. या बाबतीत आजी शब्दांची फार पक्की आहे. दूर्वा खुडायच्या, फुलं काढायची, प्राजक्त वेचायचा, लाकूड तोडायचं. आणि ओरबाडणारे म्हणजे सकाळी फिरायला निघून दुसऱ्यांच्या कुंपणावरची जास्वंद पिशवीत भरून नेणारे लोक. त्यांच्यासाठीच तर आजीने फाटकाला पाटी लावली आहे: "फुले तोडू नयेत. आमच्याही घरी देव आहेत." तू त्या पाटीचा फोटो वर्गात दाखवलास, पण त्यात हसण्यासारखं काय आहे ते जर्मनमध्ये समजावता समजावता मी थकले.

आता पाण्याचं. मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर. पाणी आणि खत अखंड मिळत राहिलं तर तो नुसता पानं काढत बसतो, हिरवागार दिसतो आणि कळी एक नाही. म्हणून पुण्यात थंडी पडली की मोगऱ्याचं पाणी तोडतात. याला 'ताण देणं' म्हणतात. बहार धरायचा असला की शेतकरी लिंबाला, पेरूला, डाळिंबालाही असाच ताण देतात. पंधरा-वीस दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागतात. उरलेली हाताने काढायची, फांद्या छाटायच्या, बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून शेणखत घालायचं आणि मग पोटभर पाणी. थोड्याच दिवसांत फांदीच्या गाठीगाठीतून पोपटी कोंब येतात आणि त्यांच्या टोकांना कळ्या धरतात. आपण नाताळच्या सुट्टीत गेलो होतो, म्हणून तू नेमका तो उघडाबोडका खराटा पाहिलास. मेमध्ये गेलो असतो तर दिवेलागणीच्या आधी आजीबरोबर परडी घेऊन टपोऱ्या कळ्या काढत बसली असतीस. रात्री त्या परडीतच उमलतात आणि सगळं घर घमघमतं. दिवे लागल्यावर मात्र झाडाला हात लावायचा नाही, ती झोपलेली असतात, हा आजीचा कायदा. चिंच आणि लाजाळू रात्री खरोखरच पानं मिटून घेतात. मोगरा मिटत नाही, पण आजी त्याला सवलत देत नाही.

राहिला बोलण्याचा प्रश्न, आणि तोच तुझा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

तू ऐकलेलं वाक्य बहुधा "सोस रे राजा, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे" हे असेल. दर वर्षी तेच असतं. मी तुझ्याएवढी होते तेव्हाही तेच होतं, फक्त तेव्हा आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचो. दोन खोल्या, सामायिक नळ, आणि मागच्या अंगणात माझ्या आजीने लावलेला बटमोगरा. आपल्या मोगऱ्याची आई ती. मी दहावीत असताना वाडा बिल्डरला गेला आणि आम्हाला कोथरूडला तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. सगळे खूश, कारण घरात स्वतःचा संडास! तुझी आजी मात्र रोज अंगणात जाऊन उभी राहायची. मी म्हटलं, "आई, कोपऱ्यावरच्या नर्सरीत पाच रुपयांना मिळतो गं मोगरा." ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मोगऱ्याशी बोलत होती.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर तिने त्याची एक खालची फांदी वाकवली, मधली साल जराशी खरवडली, तेवढा भाग मातीत पुरला आणि वर वीट ठेवली. याला दाब कलम म्हणतात. फांदी आईलाच जोडलेली असते, तिच्या जिवावर जगते, आणि तेवढ्यात मातीखाली स्वतःची मुळं काढते. गणपतीच्या सुमारास आजीने ती आईपासून कापली आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली. घर बदलताना गाद्या, भांडी, देव, सगळं टेम्पोतून गेलं. मोगरा गेला रिक्षातून, आजीच्या मांडीवर. महिनाभर तो तसाच मरगळून उभा होता. एक दिवस आजीने मला हाक मारली आणि नखाएवढा कोंब दाखवला. "धरला बघ जीव," म्हणाली. मला वाटतं, जीव दोघांनीही धरला होता.

झाडाला ऐकू येतं का? कान नाहीत त्याला, मेंदूही नाही. जगदीशचंद्र बोस नावाच्या शास्त्रज्ञांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात फार नाजूक यंत्रं बनवून दाखवलं होतं की स्पर्श, उष्णता, विष यांना झाड प्रतिसाद देतं. वाढ मोजायच्या त्यांच्या यंत्राचं नाव होतं क्रेस्कोग्राफ. पण "सोस रे राजा" हे मराठी वाक्य मोगऱ्याला कळतं असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. आजीला हे सांगून बघितलंय मी. ती म्हणाली, "तू पाळण्यात होतीस तेव्हा तुला तरी कुठे कळत होतं?"

एक मात्र मी पाहिलंय. बोलायचं म्हणून ती प्रत्येक झाडापुढे थांबते. थांबते म्हणून तिला पानाखालची मावा कीड दिसते, तुळशीला मंजिऱ्या फार झाल्यात हे दिसतं. त्या वेळच्या वेळी खुडल्या नाहीत तर तुळस बी धरण्यात शक्ती घालवते आणि वाळते. मी इथे पाणी घालते ती फोनवर बोलत बोलत.

आणि तिच्या झाडांचे रुसवेफुगवे! गुलाब रुसलाय, कारण दसऱ्यानंतरची छाटणी लांबली. अनंताला शेजाऱ्यांची दृष्ट लागली. कढीपत्ता नवा आहे, अजून रुळला नाही. केळ लेकुरवाळी आहे, तिला त्रास देऊ नका. तुळशीचं तर दर कार्तिकात लग्न. मनी प्लांट म्हणे चोरून आणलेलाच चांगला लागतो, म्हणून तो आजीने पलीकडच्या काकूंच्या बाल्कनीतून त्यांच्या देखत चोरला. काकू दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या.

तीन महिन्यांचा व्हिसा असून म्युनिकला आलेली आजी सहा आठवड्यांत परत का गेली, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. त्या काकू रोज सकाळी एकेका झाडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या, तरी तिचं समाधान नव्हतं. "मोगऱ्याचं पान बघ कसं झालंय." मी चिडून म्हटलं, "मुलगी इथे, नात इथे, आणि तुझा जीव कुंड्यांत!" तर तिने सावता माळ्यांचा दाखला दिला. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे हे संत. मळा सोडून ते पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला असं मानतात, आणि अजूनही पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते. "तेव्हा तुम्हीच या," आजी म्हणाली. यावर काय बोलणार? आम्ही पुण्याची माणसं. आमच्या महात्मा फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, पण घराणं पेशव्यांना फुलं पुरवायचं म्हणून फुले झालं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. निघायच्या दिवशी तू आंघोळीला गेली होतीस, तेव्हा आजीने माझ्या बॅगेत पोळ्यांच्या फॉइलमध्ये, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप ठेवलं होतं. आपल्या मोगऱ्याचं दाब कलम, पावसाळ्यात खास आपल्यासाठी धरलेलं. मी ते बाहेर काढलं. तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय युरोपात रोप नेता येत नाही. त्याच्याबरोबर कीड आणि रोग येतात, म्हणून नियम आहे आणि तो बरोबर आहे. आजीला पटलंही. "नियम आहे ना, मग राहू दे," म्हणाली आणि रोप घेऊन मागे गेली. ती त्याला काय म्हणाली ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं, पण ते मी लिहीत नाही.

आपल्या खिडकीतला मोगरा इथल्याच नर्सरीतला आहे. चार वर्षांत एक फूल नाही. परवा आजीने तो व्हिडिओवर पाहिला आणि लगेच निदान केलं, "लाडावून ठेवलाय. ताण द्या." पण तिचं पंचांग इथे जसंच्या तसं चालणार नाही. पुण्यात जानेवारीतही लख्ख ऊन असतं. इथे नव्या फुटीला उजेड मिळायला मार्च उजाडावा लागतो. शिवाय हीटरने खोलीची हवा कोरडी झालेली असते, तेव्हा पाणी पूर्ण तोडलं तर तो मरेल. म्हणून माती वरून दोन बोटं कोरडी झाली की अर्धी वाटी, एवढंच. मार्चच्या पहिल्या रविवारी छाटणी. पानं काढायला तू ये, एकेक, देठाशी धरून. काय बोलायचं ते तुझं तू ठरव, जर्मनमध्ये बोललीस तरी चालेल.

आणि हो, गेला आठवडाभर मी पाणी घातलेलं नाही, तरी कुंडीतली माती रोज ओली असते. तुझी शाळेची बाटली मात्र रोज रिकामी घरी येते.

तुझी,
आई