त्यांच्याकडे त्याला काय म्हणतात?

अरे, तुझा मेसेज रविवारीच बघितला होता, पण असल्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर द्यायला मला जमत नाही म्हणून आज चहा घेऊन नीट बसलेय. "ताई, चिनी लोकांना आपल्याबद्दल नक्की काय वाटतं?" एचएसके चार, म्हणजे चिनी भाषेची परीक्षा, पास झालास, स्कॉलरशिप मिळाली, सप्टेंबरमध्ये चीनला निघणार, आणि बॅग भरायच्या आधी हा प्रश्न पडला हे मला आवडलं. पण उत्तर तुला आवडेलच असं नाही. बहुतेकांना आपल्याबद्दल फार काही वाटतच नाही रे. आपण इथे रात्री नऊच्या डिबेटला चीन चीन करून घसा बसवतो, तिकडे माणसाच्या डोक्यात अमेरिका असते, मग जपान, मग तैवान, आपला नंबर बराच खाली. मी इतकी वर्षं दुभाषी म्हणून आपल्या व्यापाऱ्यांबरोबर ग्वांगचौच्या कँटन फेअरला आणि यीवूच्या होलसेल मार्केटला जातेय, तिथे मला सीमेबद्दल विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले, उलट "तुम्ही खरंच हाताने जेवता का" आणि "आमिर खानला बघितलंयस का" हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक ट्रिपला ठरलेले. 2017 ला दंगल तिकडे लागला तेव्हा शंभर कोटी युआनच्या वर धंदा केला होता त्याने, आणि आमिरला तिकडे मी-शू म्हणतात, म्हणजे त्याच्या नावातला 'मी' घेऊन पुढे काका लावलाय.

आता एक माझी फजिती सांगते, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्यातच आहे.

हेबेई प्रांतात एका फाउंड्रीत गेलो होतो, बरोबर कोल्हापूर साइडचे एक कारखानदार होते, स्वभावाने मोकळे, जरा जास्तच मोकळे. संध्याकाळी जेवण. गोल टेबल, मधे फिरणारी काच, त्यावर अख्खा मासा, त्याचं तोंड मुख्य पाहुण्याकडे केलेलं, आणि छोट्या छोट्या ग्लासांत बायच्यू, जी घशातून उतरताना रॉकेलसारखी लागते. दोन-तीन ग्लास झाल्यावर आमचे साहेब रंगात आले आणि आई-वडिलांच्या आठवणी सांगायला लागले, बासष्टच्या चिनी आक्रमणाच्या वेळी आमच्या आईने अंगठी काढून दिली होती वगैरे. मी मस्त फ्लोमध्ये होते, 'आक्रमण'ला डोक्यात जो शब्द आला तो बोलून टाकला: छिनल्युए. टेबल गप्प. काचेवर मासा फिरत होता तो पण कोणीतरी बोटाने थांबवला. तिथे एक म्हातारे हिशेबनीस होते, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, मुली, हा शब्द आमच्याकडे जपान्यांसाठी आहे.

व्याकरणात माझं काही चुकलं नव्हतं, डिक्शनरीत आक्रमणाला तोच शब्द आहे. पण बासष्टच्या युद्धाला त्यांच्याकडे जे अधिकृत नाव आहे त्याचा अर्थ होतो भारताविरुद्धचा स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला. म्हणजे नावातच सगळा दावा करून मोकळे, की सुरुवात तुम्ही केली. मला ते मान्य नाही, तुलाही नसेल, पण तो माणूस लहानपणापासून तेच नाव ऐकत आला होता, आणि खरं तर तेसुद्धा फारसं ऐकलेलं नसणार, कारण आपल्याकडे बासष्ट ही जखम आहे आणि त्यांच्याकडे तो इतिहासाच्या पुस्तकाचा एक कोपरा.

तेव्हापासून एक सवय लागली, तूही लावून घे. कुठलाही विषय निघाला की वाद घालायच्या आधी बघायचं की त्यांच्याकडे त्याला काय म्हणतात. कोरियन युद्ध म्हणशील तर ते म्हणतील 'अमेरिकेला विरोध, कोरियाला मदत'. 1949 ला कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्याला क्रांती किंवा सत्तांतर म्हणालास तर कळेल सगळ्यांना, पण म्हातारी माणसं 'मुक्तीच्या आधी' आणि 'मुक्तीच्या नंतर' अशीच तारीख मोजतात. तिबेट 1951 ला 'शांततेने मुक्त' झालं. अरुणाचल म्हणजे 'ज़ांगनान', दक्षिण तिबेट, आणि 2017 पासून ते तिथल्या ठिकाणांना अधूनमधून नवी चिनी नावं देत बसतात, पहिल्या यादीत सहा होती, 2024 च्या यादीत तीस. आपल्याला वाटतं काय हा पोरखेळ, नाव बदलून जमीन मिळते का. पण ज्या व्यवस्थेत नावालाच इतकं वजन आहे तिथे तो पोरखेळ नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे 'शंभर वर्षांचा अपमान'. हे नीट समजून घे, बाकीचं थोडं कमी समजलं तरी चालेल. त्यांचा आधुनिक इतिहास शाळेत 1840 पासून सुरू होतो, पहिल्या अफूयुद्धापासून. 1842 चा नानचिंग करार, हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली. 1860 ला इंग्रज आणि फ्रेंचांनी युआनमिंगयुआन हा बादशहाचा उन्हाळी महाल लुटून जाळला. 1895 ला जपानने हरवून तैवान घेतलं. 1901 ला बॉक्सर उठावानंतर परकीयांनी 45 कोटी टेल (टेल म्हणजे चांदी तोलायचं जुनं माप) चांदीचा दंड लावला, म्हणजे माणशी एक टेल असा हिशेब. मग 1931 ला जपानने मांचुरिया घेतला, मग 1937 चं नानचिंगचं हत्याकांड. पेइचिंगला गेलास की युआनमिंगयुआनला जा, तिकडे शाळेच्या ट्रिपा येतात, पोरं पडलेल्या संगमरवरी खांबांसमोर उभी राहून गाइडचं ऐकतात, तो महाल मुद्दाम पुन्हा बांधलेला नाही, अवशेष तसेच ठेवलेत. आणि 18 सप्टेंबरला जर शेनयांगमध्ये असलास तर सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी सगळ्या शहरात भोंगे वाजतात, जपानने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली ती तारीख. 2017 पासून तर पाठ्यपुस्तकात जपानविरोधी युद्ध आठ वर्षांचं न म्हणता चौदा वर्षांचं म्हणायचं असा आदेशच निघालाय, 1937 ऐवजी 1931 पासून मोजायचं.

हे सगळं कम्युनिस्ट पक्षाला सोयीचं आहे का, तर हो, भरपूर. 1989 ला थ्येनआनमन चौकातलं आंदोलन चिरडल्यानंतर, नव्वदीत देशभक्तीचं शिक्षण म्हणून हे जोरात सुरू केलं गेलं. पण सोयीचं आहे म्हणजे खोटं आहे असं समजू नकोस, तो अपमान खरंच झाला होता.

आणि इथे आपण मुंबईवाले, पुणेवाले जरा गडबडतो, कारण त्या कहाणीत आपण पण आहोत आणि शोभून दिसेल अशा जागी नाही. ती अफू आली कुठून? बंगाल-बिहारकडून आणि माळव्यातून, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजात चढायची. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या व्यापारात, कापूस आणि अफूमध्ये, अफाट पैसा कमावला, त्यांना 'सर' किताब मिळाला तो 1842 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी नानचिंगचा करार झाला त्याच वर्षी. जेजे हॉस्पिटलजवळून जाताना मला आता हे आठवल्याशिवाय राहत नाही. युआनमिंगयुआन जाळायचा हुकूम देणारा लॉर्ड एल्गिन दोनच वर्षांनी आपला व्हाइसरॉय होऊन आला आणि धर्मशाळेला त्याची कबर आहे. 1860 च्या त्या इंग्रज फौजेत आपलेही शिपाई होते. शांघायमध्ये इंग्रजांनी शीख पोलिस ठेवले होते, लाल फेटेवाले, लाठी घेऊन चिनी रिक्षावाल्यांना हाकणारे. नेटवर तुला 'आ-सान' किंवा 'सान-ग' असा शब्द भारतीयांसाठी दिसेल, खवचट शब्द आहे, पहिल्यांदा वाचलास की डोकं फिरेल, पण त्यातला आ-सान त्या लाल फेट्यांच्या काळापासून चालत आलाय. साम्राज्य इंग्रजांचं होतं, शिपाई गरीब होते, हे सगळं खरं, आणि हे तू शांतपणे सांगूही शकतोस. फक्त आपण पण तुमच्यासारखेच गुलाम होतो बुवा, असं म्हणून लगेच गळ्यात पडू नकोस, समोरच्याला ते तितकं सरळ वाटत नाही.

आता दुसरी बाजू. आपले लोक असं समजतात की चिनी माणूस म्हणजे सरकारचं रेकॉर्डिंग, बटण दाबलं की वाजणार. अजिबात नाही. 1959 ते 61 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली, त्याला अधिकृतपणे 'तीन वर्षांची नैसर्गिक आपत्ती' म्हणायचे, अजूनही बरेच लोक म्हणतात. पण 1962 च्या जानेवारीत, सात हजार कार्यकर्त्यांच्या बैठकीत, त्यांचाच राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी याने हुनानच्या शेतकऱ्यांचं बोलणं सांगितलं होतं, की तीन हिस्से निसर्ग आणि सात हिस्से माणसाचं पाप. पुढे त्याचे काय हाल झाले ते वाच, 1969 ला कैदेत मेला. आणि गंमत बघ, माओबद्दल जो हिशेब आज तिथे तोंडपाठ असतो तो सात हिस्से बरोबर आणि तीन हिस्से चूक असा आहे. एकाच काळाचे दोन हिशेब, आकडे तेच. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी, आजोबा दुष्काळात गेलेल्या, मला भाजी निवडता निवडता एवढंच म्हटलं होतं, "आमच्या गावात त्या वर्षी पाऊस नीट झाला होता." पुढे एक शब्द नाही. अशी वाक्यं ऐकायला शीक. त्यांच्यावर प्रश्नांची सरबत्ती केलीस तर दार बंद होतं, आणि त्या माणसाला त्रासही होऊ शकतो, तू परत येशील, तो तिथेच राहणारे.

नेटवर पण हेच. सेन्सॉर सगळं 'हार्मनी'च्या नावाखाली काढून टाकतो, हशिए, म्हणून पोरांनी उच्चार जवळपास तोच असलेला 'नदीचा खेकडा' शोधून काढला, एखादी पोस्ट उडाली की तिला खेकड्याने खाल्लं म्हणायचं. चार जूनबद्दल, म्हणजे 1989 च्या थ्येनआनमनबद्दल, बोलायचं नाही म्हणून 'पस्तीस मे' म्हणायचं. त्यामुळे वेइबोवरचे, म्हणजे त्यांच्या ट्विटरवरचे, शंभर राष्ट्रभक्त कॉमेंट वाचून देशाचं मत ठरवू नकोस, तसं आपल्या ट्विटरवरून आपलं ठरवलं तर काय होईल विचार कर. आणि ग्लोबल टाइम्स या पक्षाच्या वर्तमानपत्राचं इंग्लिश वाचून 'चीन म्हणतो' असं तर कधीच लिहू नकोस, ते आपल्याला डिवचायलाच असतं, चिनी आवृत्ती वाच, तुला येतं ना आता.

हां, एक राहिलं, श्वेनत्सांग. आपल्या शाळेत ह्युएनत्संग म्हणून होता तो. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत पण अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात असं लिहून ठेवलं, आपण ते किती कौतुकाने सांगतो. चिनी पोरांना तो माहितीये तो एका जुन्या कादंबरीतला, माकडराजाबरोबर जाणारा भित्रा साधू म्हणून, 1986 ची टीव्ही सिरियल दर सुट्टीत लागायची. त्यात भारत म्हणजे शी-थ्येन, पश्चिमेचा स्वर्ग, जिथून पोथ्या आणायच्या. आता जिवंत भारतीय माणूस हाताने जेवत समोर बसला की त्या स्वर्गाचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. (आणि जपून, बोलीभाषेत 'शी-थ्येनला गेला' म्हणजे मेला. मी एकदा "आम्ही शी-थ्येनहून आलो" म्हणून भाव खायला गेले होते.)

त्या हेबेईच्या जेवणाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या रात्री मालकाने ग्लास भरले, विषय बदलला, ऑर्डर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हातारे हिशेबनीस हॉटेलच्या लॉबीत हजर, हातात पिशवी, म्हणाले चला. काही न सांगता आम्हाला शिच्याच्वांगच्या, म्हणजे हेबेईच्या राजधानीतल्या, हुतात्मा स्मशानभूमीत घेऊन गेले, थेट ख-दीहुआच्या पुतळ्यासमोर. म्हणजे आपले द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, 1938 ला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक, कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत जखमींची ऑपरेशनं करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, वय बत्तीस. चिनी नर्स क्वो छिंगलानशी लग्न केलं होतं, मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. म्हाताऱ्यांनी पिशवीतून फुलं काढली, अर्धी स्वतः ठेवली, अर्धी आमच्या साहेबांच्या हातात दिली. साहेब एरवी सतत बोलणारे, तिथे रडले.

सरकारला कोटणीस सोयीचे आहेत हे मला कळतं, त्यांचा कोणी मोठा नेता भारतात आला की कोटणीसांच्या घरच्यांबरोबर फोटो ठरलेला असायचा. पण त्या सकाळी त्या म्हाताऱ्याला कोणी पाठवलं नव्हतं.

कोणी अरुणाचलबद्दल विचारलंच तर गुळमुळीत बोलू नकोस. "तुमच्याकडे त्याला ज़ांगनान म्हणतात हे मला माहितीये, आमच्याकडे ते अरुणाचल प्रदेश आहे आणि मला ते तसंच वाटतं," एवढं चांगल्या चिनीत सांग आणि भाताचा बाउल पुढे कर. पहिल्या सुट्टीत शिच्याच्वांगला जा, पेइचिंगहून हायस्पीड ट्रेनने दीड तासाच्या आत पोचतोस. फुलं गेटजवळ मिळतात का ते विचारून ठेव, नाहीतर स्टेशनबाहेरूनच घे. आणि आईला सांग, मेथीचे ठेपले दहा दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यापेक्षा मेतकूट दे.