तुकडा पुसला होता का?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पाच दिवसांचे प्रशिक्षण करून आल्यावर शोधाधारित अध्यापन (मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्षापर्यंत पोहोचणे) तुला मनापासून पटले, तरी अकरावीच्या पहिल्याच तासाला परासरणाचा, म्हणजे पेशीपटलातून पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाण्याचा, निष्कर्ष तूच फळ्यावर लिहून मोकळा झालास, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास सभागृहात बसून पुरे होतातही, परंतु सवय मोडते ती आपल्याच वर्गात, आणि तीही फार सावकाश.

माझा एक अनुभव सांगतो. बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे साध्या पाण्यात आणि मिठाच्या वेगवेगळ्या द्रावणांत अर्धा तास ठेवून मुलांनी वजने केली, तेव्हा एका गटाचा ५ टक्के द्रावणातला तुकडा हलका होण्याऐवजी चक्क जड झाला होता. ‘तुमचे चुकले’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते मी कसेबसे गिळले आणि आकडा तसाच फळ्यावर लिहिला. बराच वेळ वर्गात शांतता होती. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘तुकडा वजन करण्याआधी पुसला होता का?’ पुसला नव्हता. त्यानंतर सर्व गटांनी टिपकागदाने तुकडे टिपून पुन्हा वजने केली, आणि वजन घटते ते कोणत्या द्रावणापासून, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. जर्नलमध्ये निष्कर्ष आधीच उतरवून ठेवलेल्या मुलांची त्या दिवशी मोठी पंचाईत झाली (त्यांना तो मागच्या वर्षीच्या वह्यांतून मिळाला होता, हे तुला सांगायला नकोच).

ती शांतता सोसणे हेच खरे कौशल्य आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळले होते. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. स्वतःचा एक तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून हे सेकंद मोज. मी मोजले तेव्हा फार ओशाळलो होतो.

हे एकट्याने फार दिवस टिकत नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात प्रशिक्षणात शिक्षक स्वतः प्रयोग करत आणि पुढे मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी एकमेकांपुढे मांडत. कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला, पण अशी बैठक भरवायला कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही. तालुक्यातले चार शिक्षक पुरतात. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, ही तुझी भीती खरी आहे, म्हणून सगळेच धडे असे शिकवू नकोस. सत्रात दोन प्रयोग निवड.

येत्या शनिवारी दुपारी आमच्या प्रयोगशाळेत ये. येताना रिओ या शोभेच्या झाडाची चार पाने, एक नवे ब्लेड आणि तुझ्या वर्गात फसलेल्या प्रयोगाची नोंद आण.

तुझा,
एक जुना सहकारी