डायला हात न लावताही .३०८ च्या काडतुसांची लांबी कमी-जास्त का भरते?

तुम्ही लिहिलंय की .३०८ रायफलची काडतुसं तुम्ही स्वतः भरता; बुलेट सिएराची १६८ ग्रेनची मॅचकिंग, सीटिंग डाय (प्रेसवर बुलेट पितळी केसमध्ये बसवणारा साचा) एकदा लावली ती लावली, तरी एकाच बॅचमध्ये लांबी २.७९६ पासून २.८०८ इंचापर्यंत जाते. नवी डाय मागवण्याची घाई करू नका. कॅलिपर बुलेटच्या टोकावर लावत असाल, तर यातला बराचसा फरक बसवण्यातला नाहीच.

मॅच बुलेटचं टोक उघडं असतं. जॅकेट, म्हणजे बुलेटचं बाहेरचं धातूचं आवरण, तिथे येऊन मिटतं आणि ती कडा एकसारखी नसते. भिंगाखाली धरा, एकीची सरळ दिसेल, दुसरीची दातेरी. सीटिंग स्टेम (डायमधला बुलेट ढकलणारा भाग) मात्र टोकाला टेकत नाही, खाली ओजाइव्हच्या, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या भागाच्या, उतारावर टेकतो. म्हणजे डाय ढकलते एका जागी आणि तुम्ही मोजता दुसऱ्याच. कॅलिपरला लावायचा कंपॅरेटर (टोकाऐवजी ओजाइव्हवर टेकणारा जोड) घ्या आणि केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंत मोजा. रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना) आधी भिडतो तोही ओजाइव्हच. टोकापर्यंतची लांबी मॅगझिनमध्ये मावण्यापुरती बघायची; सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) कमाल मर्यादा २.८१० इंच आहे.

त्याआधी एकच काडतूस चार-पाच वेळा मोजून बघा. तिथेच आकडा हलत असेल तर दोष हाताच्या दाबाचा.

ओजाइव्हवरचा फरक दोन हजारांश इंचाच्या आत असेल तर विषय सोडून द्या आणि रेंजवर जा. त्याहून बराच जास्त असेल तर माझा पहिला संशय नेकवर, म्हणजे बुलेट धरणाऱ्या केसच्या तोंडावर. स्टीलच्या पिना घालून ओल्या टंबलरमध्ये धुतलेल्या केसेस आतून इतक्या लख्ख होतात की बुलेट अडखळत उतरते. प्रेसचा दांडा हे हाताला सांगतो: एक बुलेट लोण्यात सुरी जावी तशी बसते, पुढचीला कचकचून जोर लागतो. जोर लागलेली काडतुसं बाजूला काढून मोजा. लांब भरलेली बहुधा तीच निघतील. नेकच्या आतल्या कडेला चॅम्फर करा (कड तिरकी घासा), आत कोरडं ग्रॅफाइट फिरवा आणि कमी-जास्त वेळा झाडलेल्या केसेस एकत्र करू नका. पितळ कडक झालं असेल तर ॲनिलिंगला (तापवून मऊ करण्याला) पर्याय नाही.

मग डाय खोला. स्टेमच्या खोबणीत ल्यूब आणि जॅकेटचा चुरा साचतो, लॉकरिंग सैल होते, शेलहोल्डरमध्ये (केसचं बूड धरणाऱ्या पकडीत) पावडरीचे कण अडकतात. साध्या गोष्टी आहेत, म्हणूनच नजरेतून सुटतात. त्याच फेरीत क्रिम्पही (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) करत असाल तर बंद करा. या बुलेटला त्याची गरज नाही आणि केसेस सारख्या ट्रिम केलेल्या नसतील तर तेवढ्यानेही माप बिघडतं. पावडर दाबून भरली असेल तर बुलेट नंतर हळूच वर सरकते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

रायफलिंगपासून अंतर ठेवून भरताय तोवर दोन-चार हजारांशांनी आभाळ कोसळत नाही. पण बुलेट रायफलिंगला भिडली की दाब चढतो, आणि फार खोल गेली तरी केसमधली जागा घटून चढतोच. तेव्हा मॅन्युअलमधल्या कमाल चार्जच्या (पावडरीच्या मात्रेच्या) जवळ असताना हे प्रयोग नकोत.

तुम्ही टेक्ससमध्ये आहात म्हणून एवढं मोकळेपणाने लिहिलं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

लांब राहिलेली काडतुसं पुन्हा डायमधून काढा. खोल गेलेली हातोडी-पुलरने (आपटून बुलेट उपसणाऱ्या साधनाने) जराशी वर घ्या आणि परत बसवा. फोडून टाकायची गरज नाही.