थंडीत गळ माळ्यावर टाकू नका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, सुट्टीच्या दिवशी पवई तलावावर गळ टाकून बसतो. दिवाळीपर्यंत मासे छान लागत होते पण डिसेंबर आला की तासन् तास पाण्यावर तरंगणारा फ्लोट हलत नाही. सोबतचे म्हणतात आता थेट मार्चमध्ये ये, तोवर सगळं गुंडाळून माळ्यावर टाक. तुम्ही थंडीत काय करता?

उत्तर : दादा, माळ्यावर अजिबात टाकू नका, हीच तर सामान हातात घ्यायची वेळ आहे. आधी मासे का लागत नाहीत ते सांगतो. रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्यातले मासे, त्यांच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर खालीवर होतं, पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि खाणं कमी होतं. म्हणजे मासा कुठे गेलेला नसतो, त्याला भूक नसते एवढंच. म्हणून पहाटे कुडकुडत जाऊन बसण्यात काही अर्थ नाही, जेवून दुपारी जा, उन्हाने काठाजवळचं उथळ पाणी जरा तापलेलं असतं तेव्हा चार-पाचपर्यंत बसा, गळ एक नंबर लहान लावा, कणकेची गोळी हरभऱ्याएवढीच ठेवा आणि पेंडीचा चारा मूठभरच टाका, कारण भूक कमी असलेल्या माशाचं पोट तुमच्या फुकटच्या चाऱ्यानेच भरलं तर तो गळाकडे कशाला येईल. आणि संध्याकाळी काठावर पाय सोडून बसू नका, पवईत मगरी आहेत हे आपल्याला माहीत असतं पण गप्पांच्या नादात विसरायला होतं.

दुसरं म्हणजे मुंबईच्या माणसाने थंडीला ऑफ सीझन म्हणावं हे मला मुळातच पटत नाही. आपला खरा बंद काळ पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तो माशांच्या विणीचा काळ, आणि खडकावर उभं राहणं तर जीवाशी खेळ. कोजागिरीनंतर समुद्र निवळतो, वारा पडतो, तेव्हा तलाव थंड असेल तर मनोरी, गोराई, मार्वेच्या खाडीकडे वळा. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर मात्र उतरू नका, शेवाळावरून पाय सरकतो आणि मधल्या फटीत माणूस अडकला की बाहेर काढणं फार अवघड जातं.

आता मी काय करतो. सगळ्यात आधी रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी. खाऱ्या पाण्यात वापरलेली रील नुसती पुसून ठेवली तर मुंबईच्या दमट हवेत मीठ आतल्या आत काम करत राहतं आणि पुढच्या वेळी हँडल फिरवलं की करकर ऐकू येते. गोड्या पाण्याने हलकेच धुवायची, नळाखाली जोराची धार सोडायची नाही, त्याने मीठ निघायच्या ऐवजी आत ढकललं जातं. धुताना ड्रॅग, म्हणजे दोरी किती जोराने सुटेल ते ठरवणारा ब्रेक, घट्ट ठेवायचा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही, मग सावलीत पूर्ण वाळू द्यायची आणि ठेवताना ड्रॅगचा नॉब सैल करायचा, घट्ट राहिला तर आतल्या वॉशर दाबून चपट्या होतात आणि मोठा मासा लागल्यावर दोरी झटके देत सुटते, तिथेच तुटते. गिअरला ग्रीस, बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब. गंज काढायचा स्प्रे ग्रीसच्या जागी मारणारे खूप बघितलेत, तो स्प्रे असलेलं ग्रीसही धुऊन काढतो. उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, खाली पांढरा टॉवेल अंथरा, स्प्रिंग उडाली तरी सापडते.

मग दोरी. साधी नायलॉन उन्हाने कमजोर होते आणि स्पूलवर, म्हणजे रीलच्या रिळावर, पडून पडून वळ्या धरते, ती दरवर्षी बदलाच, स्वस्त आहे. ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, महाग पण टिकते, तिचं वरचं टोक घासलेलं असलं तर सगळी काढून उलटी गुंडाळा, खालची कोरी बाजू वर येते आणि पैसे वाचतात. रॉडवर दोरी जाते त्या प्रत्येक कडीतून कान साफ करायची कापूसकाडी फिरवा, कुठे कापसाचा धागा अडकला तर त्या कडीला बारीक चीर आहे आणि तीच चीर तुमची दोरी कापते, लोक उगाच दोरीच्या कंपनीला शिव्या देतात. रबरी आमिषं ज्या पाकिटात आली त्यातच ठेवा, कडक प्लास्टिकच्या आमिषाला चिकटून राहिली तर दोन्ही विरघळून एक गोळा होतो.

हे सगळं झालं की मला सगळ्यात आवडणारं काम, ओहोटीला रॉड न घेता किनारा बघायला जाणं. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जेवढे येतील साधारण तेवढ्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. हा अंदाज झाला, निघायच्या आधी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघायचंच. उधाणाच्या म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत पाणी लांबवर मागे हटतं तेव्हा भरतीला जिथे तुम्ही गळ टाकता तिथली जमीन उघडी पडते, कुठे खड्डा आहे, कुठे कालवांचे खडक आहेत, कुठून पाणी शेवटपर्यंत वाहत राहतं ते दिसतं. भरती चढताना मासा त्याच वाटेने येतो. फोटो काढा, काठावरची एखादी खूण लक्षात ठेवा. भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जाऊ नका, पाणी पुरेसं उतरत नाही. वाटलं तर मरीन लाइफ ऑफ मुंबई या किनाऱ्यावरचे जीव दाखवणाऱ्या गटाच्या फेरीला जा, खेकडे, कोळंबी, गोगलगाई काय काय राहतं ते समजलं की आमिष काय लावायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र नाताळात हिमाचलला जातोय, तीर्थन नदीत ट्राउट पकडायचा विचार आहे. हॉटेलवाला म्हणतो परवाना मिळणार नाही. काही ओळखीने जमेल का? (ठाणे)

उत्तर : नाही जमणार, आणि जमवू नका मित्रांनो. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते कारण तेव्हाच तो अंडी घालतो. मादी नदीतल्या बारीक खडीत शेपटीने खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी ओढून घेते, थंड पाण्यात ती उबायला आठवडे लागतात. गळ टाकायच्या नादात नदीत उतरून पाय पडला तरी ती चिरडतात. नाताळात जा जरूर, नदीकाठी फिरा, चष्म्याला पोलराइज्ड काचा लावून पुलावरून खाली बघा, मासे कुठल्या दगडामागे थांबतात ते दिसतं. रॉड मात्र घरी ठेवा. मार्चनंतर मत्स्य विभागाचा परवाना काढून गेलात तर याच फिरण्याचा उपयोग होईल.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेलाय. लहानपणी आजोबांबरोबर वर्सोव्याला गळ टाकायचा, आता म्हणतो इकडे तळी गोठतात, पाच महिने काय करू. बर्फावर बसून मासे पकडतात असंही सांगतो, मला काळजी वाटते. (एक आई, दादर)

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे पण हा तिकडे नेहमीचा प्रकार आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं त्यामुळे ते तळाला जातं, त्याहून गार पाणी वर राहतं आणि तळं वरून गोठतं, मासे खाली जिवंत असतात. लोक बर्फाला भोक पाडून हातभर लांबीच्या रॉडने मासे पकडतात. त्याला एवढंच सांगा, चालत जायचं तर निदान ४ इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, पांढरा दुधी बर्फ त्यापेक्षा कच्चा असतो, एकट्याने कधीच जायचं नाही आणि तिथल्या जुन्या माणसाबरोबरच सुरुवात करायची. नाही जमलं तर तिकडचे बरेचजण थंडीभर घरी बसून माशी बांधतात, म्हणजे गळाला पिसं आणि रंगीत धागे गुंडाळून खोटे किडे बनवतात, टेबलाला लावायचा छोटा शिकंजा आणि कात्री एवढ्यावर सुरू होतं. हात एकदा बसला की वेळ कसा जातो कळत नाही. एकटा राहणाऱ्या मुलाला यातून चार ओळखीही होतील, कारण हे काम शिकायला माणसं एकत्र बसतात. त्याला आजोबांबरोबरचा एखादा फोटो पाठवा, टेबलासमोर लावेल.

प्रश्न : वरळी सी फेसवर रोज चालायला जाते. थंडीत सीगल येतात, परवा एकाच्या पायात नायलॉन दोरी गुंतलेली दिसली. तुम्ही मासेमारीवाले याचं काही करता की नाही? (वरळी)

उत्तर : ताई, तुमचा राग योग्य आहे. खडकात अडकलेली दोरी तोडून तशीच सोडणं हे आपल्यातलेच लोक करतात आणि नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. थंडीच्या मोकळ्या वेळात सगळ्या वाचकांनी आपल्या नेहमीच्या जागेवर ओहोटीला जाऊन दोऱ्या गोळा कराव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोबत जाड हातमोजे आणि तोंड बंद होणारा डबा न्या, गळ वेगळे काढा, दोरीचे वितीपेक्षा लहान तुकडे करूनच कचऱ्यात टाका म्हणजे डंपिंग ग्राउंडवर दुसरा पक्षी गुंतणार नाही.

आणि गळ टाकताना पक्षी अडकलाच तर दोरी तोडून त्याला उडू देऊ नका, ती लांब दोरी घेऊन तो कुठेतरी झाडात लटकतो. हळूहळू जवळ ओढा, डोक्यावर टॉवेल टाका म्हणजे तो शांत होतो, पंख अंगाशी धरा. गळाचं टोक कातडीतून बाहेर आलेलं असेल तर पक्कडीने काटा तोडून उरलेला गळ मागे ओढून काढा. गळ गिळला असेल तर ओढायचा प्रयत्न करू नका, दोरी थोडी ठेवून कापा आणि पक्ष्याला हवेशीर खोक्यात घालून थेट प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.