दुखणे एकाचे, मग बोलावणे साऱ्या घराला का?

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार. सासू-सासरे, आम्ही दोघे, अकरावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी असे एकत्र राहतो. चार महिन्यांपासून कॉलेजला निघायच्या वेळी मुलाचे पोट दुखू लागते. मिरजेत सोनोग्राफीसह सर्व तपासण्या झाल्या. त्यांत काही निघाले नाही. वडील त्याला रागावतात, सासरे ‘राहू दे आजचा दिवस’ म्हणतात आणि मग तो दिवसभर त्यांच्याबरोबर बागेत असतो. मानसोपचारतज्ज्ञांनी आता घरातल्या सर्वांना बोलावले आहे. सासऱ्यांना तो अपमान वाटतो. या उपचाराच्या अनेक पद्धती असतात म्हणे. आमच्या उपयोगाची कोणती?
– एक वाचक भगिनी

उत्तर : तपासण्यांत काही निघाले नाही, तरी मुलाची पोटदुखी खरी आहे, आणि हे त्याला घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. कुटुंब-उपचारात दोषी शोधत नाहीत. एकाच्या दुखण्याभोवती बाकीचे कसे वागतात आणि त्या वागण्याने दुखणे कसे टिकून राहते, हे पाहतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन रुग्णांसह त्यांच्या कुटुंबीयांना दाखल करून घेत होते, त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णांजवळ राहू दिले होते.

आपल्या पत्रावरून मला साल्वाडोर मिनुचिन यांची संरचनात्मक पद्धत सर्वांत जवळची वाटते. खोलीत कोण कुणाशेजारी बसते, प्रश्न मुलाला विचारला तर उत्तर कोण देते, याकडे हा उपचारक बारकाईने पाहतो. ‘सकाळी नेमके काय होते?’ असे विचारल्यावर मुलाने आधी आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर उपचारकाला पुष्कळ कळते. मग तो आई-वडिलांना शेजारी बसवून, कॉलेजबद्दल दोघांचा एकच निर्णय तिथेच ठरवायला लावतो. या पद्धतीत ‘सीमारेषा’ हा शब्द वारंवार येतो आणि आपल्याकडची मोठी माणसे त्यानेच बिथरतात. सीमारेषा आखायची म्हणून वेगळी चूल मांडावी लागत नाही. कॉलेजचा निर्णय आई-वडिलांचा, आजोबांचा त्याला पाठिंबा आणि नातवाने त्यांच्याबरोबर बागेत जायचे ते रविवारी, एवढी घडी बसली तरी पुरे.

वडील आणि आजोबा यांच्यात जुना ताण असेल, तर बोवेन यांचा ‘त्रिकोण’ आठवावा : दोघांमधला न बोललेला ताण तिसऱ्याच्या अंगावर उतरतो. त्यासाठी तीन पिढ्यांचा नात्यांचा आराखडा काढतात. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक पद्धतीत भीतीला मुलापासून वेगळे नाव देऊन सगळे घर तिच्याविरुद्ध उभे केले जाते. अनुभवी उपचारक गरजेप्रमाणे यांची सांगड घालतात.

आजारानुसारही पद्धत बदलते. ॲनोरेक्सियाने खाणे सोडलेल्या किशोरवयीन मुलीच्या जेवणाची सूत्रे लंडनच्या मॉड्सली पद्धतीत काही काळ आई-वडिलांच्या हाती देतात; स्किझोफ्रेनियात कुटुंबाला आजार समजावून सांगितला आणि घरातली टोचून बोलणी कमी झाली, की आजार उलटण्याचे प्रमाण घटते. घरात मारहाण होत असेल तर मात्र सर्वांना एकत्र बसवणे धोक्याचे असते. तसे असल्यास तज्ज्ञांना आधी एकटीने भेटून सांगावे. उपचाराच्या जोडीने कॉलेजही सुरू करावे, आरंभी दोन तासांसाठी का होईना, कारण खाडा जितका लांबतो तितके परतणे अवघड होते. कॉलेजमध्ये त्याला कुणी त्रास देते का, याचीही चौकशी अवश्य करावी.

सासऱ्यांना म्हणावे, ‘आबा, तो सगळ्यात जास्त तुमच्याजवळ बोलतो, तुमच्यावाचून डॉक्टरांना त्याचं काही कळायचं नाही.’ हे खरेच आहे. धाकट्या मुलीलाही न्यावे. इटलीतील मिलान गटाच्या पद्धतीने तिला विचारतील, ‘दादाचं पोट दुखलं की आधी कोण बोलतं, आणि मग कोण गप्प होतं?’ तिचे उत्तर कुणीही मध्ये न बोलता पूर्ण ऐकावे.