हार्टवर्मच्या जीनोमवर काम सुरू करतोयस? आधी किडा नीट बघ

कुठलं सॉफ्टवेअर वापरू, हे नंतर विचार. आधी सांग, किडा नर आहे की मादी? हार्टवर्म म्हणजे कुत्र्याच्या हृदयात राहणारा किडा, डायरोफायलेरिया इमायटिस. त्याची मादी २५-३० सेंटीमीटरपर्यंत वाढते, डीएनए भरपूर मिळतो, म्हणून नवखे तिलाच उचलतात. पण तिच्या गर्भाशयात हजारो पिल्लं असतात आणि त्यांच्यात बापाचा, कधी एकाहून जास्त बापांचा, डीएनए असतो. पुढे व्हेरियंट, म्हणजे डीएनएतले फरक, काढताना डोक्याला ताप. नर आखूड, शेपटीचं टोक स्प्रिंगसारखं वळलेलं. तोच घे. मादीच मिळाली तर गर्भाशय काढून फक्त शरीराची भिंत वापर.

दुसरी भानगड वोल्बाकियाची. हा बॅक्टेरिया किड्याच्या पेशींतच राहतो. त्याचा जीनोम जेमतेम ०.९ मेगाबेस (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं), किड्याचा सुमारे ८४. त्याचे रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) वेगळे काढ, पण सरसकट फेकू नकोस: वोल्बाकियाचे काही तुकडे किड्याच्या स्वतःच्या डीएनएतही घुसलेले आहेत. एकाच लांब रीडवर दोन्ही बाजूंना किड्याचा क्रम दिसला, तर मधला तुकडा किड्याचाच धर. कुत्र्याचे रीड्स मात्र बिनधास्त गाळ.

आणि फरक फार सापडतील अशी आशा ठेवू नकोस. २०१२च्या पहिल्या जीनोममध्ये इटलीतल्या पाव्हियाचा आणि अमेरिकेतल्या अथेन्सचा किडा ताडून पाहिले होते. फरक अगदीच किरकोळ निघाला. त्यामुळे तुझ्या नमुन्यात एकदम ढीगभर एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) दिसले, तर औषध-प्रतिकाराचा शोध लागला म्हणून नाचण्याआधी भेसळ तपास.