लहान मुलांना (७ आणि ११ वर्षं) घेऊन देवकुंड धबधबा एका दिवसात होतो का?

होतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. आम्ही पोरांना घेऊनच गेलोय. रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावाहून एका बाजूने साधारण ५-६ किमी चाल आहे, आधी धरणाच्या पाण्याकडेने सपाट वाट मग जंगल, ओढा आणि शेवटी मोठमोठे दगड, तिथे पोरांचा हात धरावाच लागतो. भर पावसात तोच ओढा बघता बघता फुगतो आणि माणसं पलीकडे अडकतात, म्हणून प्रशासन बऱ्याचदा पावसाळ्यात बंदी घालतं, तेव्हा निघायच्या आधी गावात फोन करून विचारा. सात वर्षांचं पोर परतीला कुरकुरणार हे धरून चाला, सकाळी लवकर सुरुवात करा. आणि कुंड खोल आहे, पोहता येत असलं तरी काठावरच बसा.